खिडकीकडे पाठ केलेली झाडं

१

"...मर्टिसच्या झाडांनीच धरून ठेवलंय त्याला. ती झाडं घराबाहेर काढली ना, तर सुटेल बिचारा गेलेन. पण..."

एवढंच माझ्या कानावर पडलं. चर्चच्या तळघरात रविवारची कॉफी चालली होती. मी रिकामी किटली ठेवायला स्वयंपाकघराच्या झरोक्यापाशी गेले, तर पलीकडे आमच्या मागच्या घरातली व्हर्डेल कुणाच्या तरी कानाला लागलेली. मला बघितलं आणि पुढचं वाक्य तिनं लिंबाच्या वडीबरोबर गिळून टाकलं.

"पण काय गं?" मी विचारलं.

"शेजार तुझा, आर्डिस, आणि बातमी मला विचारतेस?" ती हसली. "म्हातारी झालीस की काय!"

झोंबलं मला. का नाही झोंबणार? डलुथच्या ह्या उतारावरच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय, हे मला झाकण न उचलता कळतं. माझा नवरा लायल ह्याला नाक खुपसणं म्हणतो. म्हणू दे. आमच्या गल्लीत आजवर एकही माणूस कुणाला न कळता एकटं पडून गेलेलं नाही, आणि त्यात ह्या नाकाचा मोठा वाटा आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात मी उभं आयुष्य काढलं. कुठलं पोर घरून उपाशी आलंय, ते मी ताट धरायच्या पद्धतीवरून ओळखायचे. आणि माझ्या जिन्याच्या खिडकीतून ज्याचं अंगण दिसतं, त्या गेलेन ऑस्टबीची खबर मी व्हर्डेलकडून घ्यायची?

खरं म्हणजे एक गोष्ट माझ्याही नजरेत आली होती. गेलेन बंदरावर खनिजाच्या धक्क्यावर काम करायचा, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण बर्फ पडलं की सकाळी पहिलं फावडं त्याचंच वाजायचं, आणि आधी आमच्या पायऱ्या साफ व्हायच्या, मग त्याच्या स्वतःच्या. पानगळीत त्याची बायको मर्टिस गेली, आणि ह्या हिवाळ्यात ते फावडं वाजलंच नाही. त्याच्या दारापुढच्या बर्फात फक्त टपालवाल्याच्या पावलांची वाट पडली होती. तीही जाणारी आणि येणारी. घरातून बाहेर पडलेलं एकही पाऊल नाही.

मी घरी आले, बटाटे घातलेलं खिम्याचं हॉटडिश ओव्हनमधून काढलं, फडक्यात बांधलं, आणि निघाले.

२

मर्टिसच्या पुढच्या खोलीचं कौतुक काय सांगू? आमच्या गल्लीचं भूषणच होतं ते.

आमच्याकडे हिवाळा सहा महिने घरात ठाण मांडून बसतो. बाहेर सगळं पांढरं, सरोवर गोठलेलं, आणि आत घर तापवायचे रेडिएटर ठणठण वाजत हवा इतकी कोरडी करतात की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. मनाचंही तसंच होतं. फेब्रुवारीपर्यंत चांगली चांगली माणसं नवराबायकोत चमच्यावरून भांडतात. दवाखान्यातली नर्स दरवर्षी सांगते, घरात हिरवं ठेवा, त्याच्यात बसत जा, जीव थाऱ्यावर राहतो. ते आम्हाला आमच्या आज्यांनीच सांगितलेलं होतं. म्हणून इथं प्रत्येक खिडकीत कुंड्या. पण मर्टिसची खोली म्हणजे वेगळीच. दार उघडलं की ओल्या मातीचा वास यायचा. व्हायलेट, जिरेनियम, छतापर्यंत गेलेलं रबराचं झाड, भिंतभर फिरवलेला मनी प्लांट, आणि मधोमध तिच्या पणजीचं नाताळचं निवडुंग. नॉर्वेहून बोटीनं येताना पणजीनं त्याची फांदी कापलेल्या बटाट्यात खोचून आणली होती. दर नाताळाला ते लालभडक फुलायचं आणि आम्ही सगळ्या ते बघायला जायचो, आपल्याच घरचं असल्यासारखं मिरवायचो.

"या, आर्डिस," दार उघडून गेलेन म्हणाला.

पट्टा पार आतल्या भोकापर्यंत ओढलेला, तरी विजार घसरत होती. चेहरा मात्र शांत. इतका शांत चेहरा मी त्याचा लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"हॉटडिश आणलंय. गरम आहे, वाढू?"

"नको."

मी थांबले. आमच्याकडे पाहुणचाराची एक रीत आहे. पहिल्यांदा विचारलं की 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'उगाच कशाला त्रास', आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर 'बरं, अगदी थोडं'. मर्टिस ह्या बाबतीत फार कडक होती. एका घरी दोनदाच विचारून थांबले, तर ती तशीच तहानलेली परत आली आणि मरेपर्यंत ते घर विसरली नाही.

"थोडं घ्या ना, गेलेन."

"नको."

"अहो, तुमच्या आवडीचं आहे. वरचे बटाटे कुरकुरीत झालेत बघा."

"नको," तो हसून म्हणाला. "भूकच नाही हो. इथं बसलं की काही लागतच नाही."

तिसऱ्या वेळी नको! मी भांडं तसंच दाराजवळच्या टेबलावर ठेवलं.

मी आत जाऊन बसले. आणि मग काय ते बरं वाटलं! कंबर माझी नोव्हेंबरपासून धरलेली, ती सुटली. कानातली रेडिएटरची ठणठण लांब गेली. गेलेन त्याच्या आरामखुर्चीत, त्याच्या शेजारी मर्टिसची रिकामी झुलती खुर्ची, समोर मी. बोलायची गरजच वाटेना. मी, आर्डिस लोकेन, आणि बोलायची गरज वाटेना! नुसतं हिरवं बघत बसले.

बघता बघता काहीतरी खटकलं. चांगल्या घरातली तसबीर वाकडी लागलेली असावी, तसं. बराच वेळ कळेना. मग कळलं.

मोठी खिडकी दक्षिणेला. बर्फावरून उसळून लख्ख ऊन आत येत होतं. आणि खोलीतल्या एकूण एक झाडानं खिडकीकडे पाठ केली होती.

३

ज्यांच्या घरात कुंडी नाही त्यांना ह्यात काय विशेष, असं वाटेल. झाड उजेडाकडे झुकतं. हिवाळ्यात तर हावरटासारखं झुकतं. म्हणूनच आम्ही दर शनिवारी कुंड्या थोड्या थोड्या फिरवतो, नाहीतर झाड एका अंगानं वाकडं होतं. मर्टिसनं एक शनिवार चुकवला नाही.

इथं पानांच्या पाठी काचेला लागल्या होत्या आणि तोंडं खोलीत वळलेली. व्हायलेटांचे बारीक देठ मान लांबवून पुढे आलेले. सगळ्यांचा रोख त्या दोन खुर्च्यांकडे.

"गेलेन, कुंड्या कोण फिरवतं?"

"कुणी नाही. मी हातच लावत नाही."

"पाणी?"

"त्यांना लागत नाही हल्ली."

मी निवडुंगाच्या मातीत बोट घातलं. माती ओली होती. नुकतंच कुणीतरी कोमट पाणी घातल्यासारखी ओली.

मी काही घाबरट बाई नाही. उठले आणि सगळ्या कुंड्या नीट फिरवल्या, पानांची तोंडं उजेडाकडे करून. गेलेन नुसता बघत होता, लहान मूल पत्त्यांचा बंगला बांधताना आजोबांनी बघावं तसा.

घरी येऊन लायलला सांगितलं. तो टीव्हीवर हॉकी बघत होता.

"रेडिएटर खिडकीखाली असतो," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "पाठीला चटका बसला की तूही तोंड फिरवशील."

बरोबर होतं. माझं समाधान झालं. झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटडिशचं भांडं आणायच्या निमित्तानं गेले. भांडं जसंच्या तसं, वरचे बटाटे मऊ पडलेले. आणि झाडं पुन्हा वळली होती. एका दिवसात. रबराच्या झाडाचं जाडजूड, लाकडासारखं खोडसुद्धा.

"गेलेन, खरं सांगा. तुम्ही फिरवलीत ना?"

"बसा ना, आर्डिस," तो म्हणाला. "उभं राहून कशाला त्रास करून घेता?"

मी बसले. कशी बसले ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की खोलीत कुठूनतरी बारीक आवाज येत होता, ओलं फडकं हळूहळू पिळल्यासारखा, आणि तो मला छान वाटत होता. मग दारात लायल उभा. अंगावर कोट, मिशीवर बर्फ.

"अगं, अंधार पडायला आला. फोन का उचलला नाहीस? मी तीनदा केला."

फोन माझ्या मांडीवरच होता.

४

गेलेनची मुलगी सोल्वे सेंट पॉलला असते. तिचा मला फोन आला.

"आर्डिस मावशी, बाबा तुमचं तरी ऐकतात का हो?" तिचा आवाज रडवेला. "डॉक्टर म्हणालेत, त्यांनी चाललं पाहिजे, खाल्लं पाहिजे, नाहीतर हे हृदय उन्हाळा बघायचं नाही. मी म्हटलं इकडे या, तर म्हणतात, मला इथं बरं वाटतंय. रोज तेच. मला इथं बरं वाटतंय!"

"तू काळजी करू नकोस, पोरी," मी म्हटलं. "आमच्या गल्लीतलं माणूस आहे ते. आम्ही असं सोडत नाही."

बोलून बसले. आता शब्द पाळायला हवा.

ह्या वेळी मी त्या खोलीत बसायचं नाही असं ठरवून गेले. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले, आणि कंबर ठणकू दिली. ठणका बरा, माणूस जागं राहतं.

"मर्टिस ह्याच खोलीत गेली ना?"

"हो. पलंग इथंच आणला होता तिनं, झाडांमधे." गेलेन आरामखुर्चीच्या हातावर बोटं फिरवत होता. "शेवटी शेवटी बोलवत नव्हतं तिला. एक दिवस सगळ्या कुंड्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, 'ह्या आता तुझ्या, गेलेन. तुला दिल्या.'"

"मग?"

"मग मी काय बोलणार? एवढी वर्षं तिनं माझं सगळं केलं, आणि मी कधी तोंडानं काही म्हटलं नाही. तुम्हाला माहितीये आम्हा पुरुषांचं." त्यानं घसा खाकरला. "त्या दिवशी म्हटलं. 'थँक यू' म्हटलं."

मी चौकट घट्ट धरली.

आमच्याकडे येताजाता, दार धरलं म्हणून, मीठ पुढे केलं म्हणून माणसं आभार मानतात. दुकानातल्या यंत्रालासुद्धा मानतील. पण झाडाचं रोप, फांदी, कुंडी कुणी दिली, तर कधीही, कधीही नाही. 'छान आहे हो' म्हणावं, 'कुठं ठेवू' म्हणावं, आणि गप्प घरी न्यावं. पोरांनाही हे बोलायच्या आधी शिकवतात. माझी आजी म्हणायची, आभार मानलेलं रोप नव्या घराचं होत नाही; ते जुना हात शोधत राहतं.

आणि गेलेननं एकाच तोंडानं अख्ख्या खोलीचे आभार मानले होते. बायकोला आयुष्यात पहिल्यांदा गोड बोलायला गेला, आणि नेमकं हेच बोलला.

"चुकलं का हो माझं?" त्यानं विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं. "तिला बरंच वाटलं असेल."

"हो. तिला आवडलं," तो म्हणाला. आवडलं असेल म्हणाला नाही.

मी मुकाट्यानं कुंड्यांकडे बघितलं. एक गोष्ट मला त्या दिवशी दिसली, पण मी ती मनावर घेतली नाही. रबराचं झाड गेलेनच्या खांद्याला लागूनच होतं. त्याला गेलेन हवा असता, तर ते तिथंच थांबायला हवं होतं. ते त्याच्या डोक्यावरून पलीकडे वाकलं होतं. मी मनाशी म्हटलं, झाडच ते, त्याला काय नेम कळतोय.

५

व्हर्डेलचं अर्धं वाक्य खरंच होतं तर. झाडं बाहेर काढली पाहिजेत. 'पण'च्या पुढचं तिला विचारायला माझं अडलं होतं! शेजार माझा आहे.

शनिवारी दुपारी मी अख्खी गल्ली गोळा केली. बाहेर थंडी अशी की श्वास मिशीवर गोठावा. अशा हवेत कुंडी नुसती दारातून गाडीपर्यंत नेली तरी पानं काळी पडतात. म्हणून गाड्या आधी चालू करून आत उबदार करून ठेवल्या, कुणी गोधड्या आणल्या, कुणी जुने कोट, कुणी वर्तमानपत्रांचे गठ्ठे. सगळ्यांना मी फाटकापाशीच दम भरला.

"प्रत्येकानं एक उचलायची, आणि गेलेननं स्वतःच्या हातानं द्यायची. कुणीही तोंडातून आभाराचा शब्द काढायचा नाही. ज्याला राहवत नसेल त्यानं आत्ताच घरी जावं."

"मी मफलर तोंडात कोंबतो," लायल म्हणाला.

"तुला गरज नाही. तू मला आजवर कधी म्हटलेलं नाहीस."

सगळे हसले. आत गेल्यावर मात्र हसू विरलं. एकेकाच्या चेहऱ्यावर तो गोड सुस्तपणा यायला लागला. कुणी टेकायला जागा बघू लागलं. मी एकेकाला कोपरानं ढोसलं.

"गेलेन, हे व्हायलेट कुणाला द्यायचं?"

त्यानं झुलत्या खुर्चीकडे बघितलं. मग हात पुढे करून कुंडी उचलली आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला दिली. त्या माणसाचे ओठ हलले, गळा हलला, कान लाल झाले, पण त्यानं शब्द गिळला. "छान... छान आहे," म्हणाला आणि पळाला.

एकेक कुंडी गेली. काय दृश्य होतं ते! आयुष्यभर ज्यांची जीभ आभारावाचून वळली नाही अशी माणसं, डोळ्यांत पाणी आणून, दातांवर दात दाबून, गोधडीत झाड गुंडाळून बर्फातून चालली होती. एकाचीही जीभ घसरली नाही. अशी गल्ली मला अजून कुठं दाखवा.

आणि खोली रिकामी होत गेली तसा गेलेन भरत गेला. आधी त्यानं खांदे सरळ केले. मग म्हणाला, "थंडी वाजतेय." मग, कुणी न सांगता, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझे बूट कुठं आहेत? आर्डिस, तुमच्या पायऱ्यांवर केवढं बर्फ साचलंय! कुणी साफ करतं की नाही?"

मी लायलकडे बघितलं. लायल खिडकीकडे बघत होता, म्हणजे त्याला रडू येत होतं.

मनी प्लांटचा भारा काखेत घेऊन व्हर्डेल निघाली, तेव्हा मी तिला दारात गाठलं.

"आता सांग. त्या दिवशी 'पण' म्हणून थांबलीस. पण काय?"

"कधी? अगं, ते होय!" ती धापा टाकत हसली. "झाडं काढली तर सुटेल, पण असल्या थंडीत एवढ्या कुंड्या उचलणार कोण, असं म्हणत होते. म्हटलं तू ऐकलंस तर मलाच कामाला लावशील. लावलंसच की शेवटी!"

मी पोट धरून हसले. बघा, अर्ध्या वाक्याला माणूस किती भितं.

शेवटी राहिलं पणजीचं निवडुंग. ते गेलेननं कुणालाच दिलं नाही. स्वतःच्या कोटात गुंडाळलं, बूट घातले, आणि बर्फातून, एकापुढे एक पाऊल टाकत, माझ्या घरी घेऊन आला.

"हे तुम्हाला, आर्डिस."

जीभ टाळूला चिकटवून ठेवली मी. "कुठं ठेवू?" म्हटलं.

"तुम्हाला बरं वाटेल तिथं," तो म्हणाला.

६

मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, कळ्या उजेडाकडे करून. नाताळ उलटून गेला होता, तरी कळ्या होत्या.

गेलेन टेबलाशी बसला. मी वाढू का विचारलं, तो नको म्हणाला. पुन्हा विचारलं, उगाच कशाला त्रास म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं.

"बरं, अगदी थोडं."

कान तृप्त झाले माझे. मग त्या अगदी थोड्याच्या त्यानं दोन बश्या संपवल्या. गालांवर रंग आला. सोल्वेला मी फोन लावून दिला, तर बापलेक हवामानावर बोलत बसले आणि दोघंही रडले. लायल दिवाणखान्यात हॉकीपाशी जाऊन बसला. बाहेर चारचं ऊन बर्फावर पिवळं पडलं होतं. मी ओट्याशी कॉफी गाळत होते आणि, खोटं कशाला बोलू, छाती अभिमानानं भरून आली होती. गल्लीचं माणूस मी गल्लीत परत आणलं होतं.

फोन वाजला. व्हर्डेल होती.

"आर्डिस, तुझं निवडुंग कसं आहे?"

"मजेत. का?"

"काही नाही गं. हा मनी प्लांट मी खिडकीत टांगला होता. आत्ता बघते तर सगळा वेल कोठीच्या भिंतीकडे वळलाय. पानं भिंतीला लागलीयेत." ती थांबली. "कोपऱ्यावरच्या घरी विचारलं. त्यांचं रबराचं झाडही जिन्याकडे वाकलंय म्हणे. अगं, माझ्या कोठीच्या भिंतीपलीकडे काय येतं?"

तिच्या कोठीच्या भिंतीपलीकडे माझं स्वयंपाकघर येतं.

फोन ठेवला. खिडकीकडे बघायला मान वळेना. आधी रेडिएटरचा विचार केला. माझा रेडिएटर दाराजवळ आहे, खिडकीखाली नाही. मग बघितलं.

निवडुंगानं काचेकडे पाठ केली होती. चपट्या फांद्या कुंडीच्या काठावरून पुढे आल्या होत्या आणि टोकांच्या कळ्या, लाल, मिटलेल्या, सगळ्या टेबलाकडे. मी त्यांच्या रोखानं नजर नेली. गेलेन बसला होता. कळ्या त्याच्याकडे वळलेल्या नव्हत्या. त्याच्या शेजारच्या खुर्चीकडे होत्या.

आभार मानलेलं रोप जुना हात शोधत राहतं, एवढंच आजी म्हणायची. सापडला तर काय, ते मी कधी विचारलं नव्हतं.

झाडांनी गेलेनला धरून ठेवलं होतं, हे व्हर्डेलचं म्हणणं खरं होतं की खोटं, मला आता सांगता येणार नाही. तो सुटला हे खरं. माझ्या टेबलाशी बसून तो बोटानं बशी पुसून चाटत होता, भुकेला, जिवंत, उन्हाळा बघेल असा. पण त्या खोलीतून आम्ही नेमकं कुणाला मोकळं केलं?

खोलीत ओल्या मातीचा वास आला. माझी कंबर दुखायची थांबली.

गेलेननं वर बघितलं नाही. नुसता हात लांब करून, जन्मभराच्या सवयीनं, शेजारची खुर्ची किंचित मागे ओढून दिली. फरशीवर तिचे पाय करकरले. मग, तो हात मांडीवर गेल्यानंतर, ती पुन्हा एकदा करकरली. पुढे.

गेलेननं माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत भीती नव्हती. थोडी लाज होती. न सांगता पाहुणा बरोबर आणला की माणसाच्या चेहऱ्यावर दिसते तेवढीच.

पण मी आर्डिस लोकेन आहे. माझ्या घरी आलेलं कुणी कॉफीवाचून गेलं, असं ह्या गल्लीत कुणी म्हणू शकलेलं नाही, आणि मर्टिस ऑस्टबीला तर मुळीच म्हणू देणार नव्हते. मी फडताळातून चांगल्यातला कप काढला, निळ्या काठाचा, आणि त्या खुर्चीपुढे ठेवला.

"कॉफी घेणार थोडी?" मी विचारलं.

काहीच नाही.

"ताजी आहे. आत्ताच गाळलीये."

काहीच नाही. दिवाणखान्यात लायलच्या हॉकीवर लोक ओरडत होते. खिडकीत एक कळी उमलायला लागली होती. मी किटली दोन्ही हातांनी धरली, कपाच्या तोंडाशी नेली, आणि तिसऱ्यांदा विचारलं.